न गळणाऱ्या छपराखाली

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा वडिलांची फार पंचाईत व्हायची. पाहुणे विचारायचे, मुलगी काय करते? वडील सांगायचे, इंजिनियर आहे. कसली, असा पुढचा प्रश्न आला की ते माझ्याकडे बघायचे. मी खरं ते सांगायची, "छपरात आणि भिंतीत लोकर भरतो आम्ही. आणि त्या लोकरीत पाणी शिरू नये म्हणून बघतो." पाहुणे समोरच्या उप्पिटाच्या बशीत डोकं घालायचे. एका गृहस्थांनी तर वडिलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "म्हणजे गाद्यांचं दुकान आहे का?"

वडील म्हैसुरातल्या शाळेत गणित शिकवायचे. आमचं घराणं इतक्या पिढ्या इथं आहे की आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात. वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच कन्नडमध्ये वळतं आणि 'अल्वा', म्हणजे 'हो ना', म्हणून थांबतं. मी नोकरीला लागले ती हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत. तिथंच केस पांढरे झाले. शीतगृहं, औषधांची गोदामं, दुधाचे कारखाने, पुढे मोठमोठी ऑफिसं, सगळ्यांची छतं आणि भिंती मी आतून पाहिल्या आहेत. लोक देवळाचं शिखर बघतात, मी छताची खालची बाजू बघते.

आमचा धंदा थोडक्यात सांगते. ऊन अडवणं सोपं असतं. काचेची लोकर किंवा थर्मोकोल घातला की छपराची धग खाली येत नाही. अवघड आहे ती हवा. हवा बोटभर फटीतूनही जाते, आणि जाताना एकटी जात नाही, पोटात वाफ घेऊन जाते. वाटेत तिला गार पत्रा भेटला की ती त्या वाफेचं तिथंच पाणी करून टाकते. फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला घाम फुटतो, तसंच. फरक एवढाच की बाटलीचा घाम दिसतो आणि पुसता येतो. छपराच्या आतला घाम दिसत नाही. लोकर भिजते, लाकूड कुजतं, भिंतीला बुरशी येते, आणि घरमालक गच्चीवर डांबराचा आणखी एक थर देऊन मोकळा होतो.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. नंजनगूडच्या रस्त्यावर एकांनी अळिंब्यांसाठी गार खोली बांधून घेतली. वर्षभरानं फोन आला, भिंत फुगली आहे. जाऊन बघते तो बाहेरच्या पत्र्यात आठ-दहा खिळे, आणि त्यांवर देवांच्या तसबिरी ओळीनं. प्रत्येक खिळ्याच्या भोकातून वाफ आत शिरत होती आणि भिंतीच्या पोटात तिचं पाणी होत होतं. मी म्हटलं, देव काढावे लागतील. मालक म्हणाले, "मॅडम, भिंत काढा, देव नाही." शेवटी मी देवांसाठी भिंतीपुढे एक लाकडी मांडणी करून दिली. त्या बिलावर काय लिहायचं याचा आमच्या हिशेबनीसाला बराच वेळ प्रश्न पडला होता.

पण या अंकासाठी लिहायला बसल्यावर मोठं शीतगृह किंवा मोठी कंपनी आठवली नाही. आठवल्या सुभद्राक्का.

सुभद्राक्का आमच्याच मराठी लोकांतल्या, शिंपी समाजातल्या. म्हैसुरातल्या अग्रहार भागात त्यांचं शिवणकामाचं दुकान. खाली दुकान आणि वर गच्चीवर पत्र्याचं छप्पर घालून केलेला कारखाना. यजमान गेल्यावर धंदा त्यांनीच वाढवला. सात-आठ बायका मशिनवर असायच्या. लग्नाच्या साड्यांना फॉल लावणं, रेशमी ब्लाउज शिवणं, त्यावर हातानं मणी टाचणं, ही त्यांची खासियत. माझ्या आईचे आणि माझे ब्लाउज त्यांच्याकडचेच. एकादशीला दुकान बंद, आणि इतर दिवशी विठ्ठलाच्या तसबिरीला हार घातल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही, असा त्यांचा नेम.

एका थंडीत, लग्नाचे मुहूर्त ऐन भरात असताना, त्या माझ्या ऑफिसात आल्या. दोन बस बदलून. गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या पोरापोरींच्या मध्ये मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, फोन करायचा होता, मी आले असते."

"फोनवर सांगण्यासारखं नाही गं." त्यांनी पिशवीतून एक मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउज काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. खांद्याजवळ रुपयाएवढा तपकिरी डाग होता. कडेला गडद, मध्ये फिका.

"कॉफी?" मी विचारलं.

"मला पण तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "हाच तर घोटाळा झाला. हा डाग जयम्माला कामावरून काढल्यावर पडलाय, वसुधा."

जयम्माला मी ओळखत होते. चाळिशीची, सडसडीत, कमी बोलणारी. कारखान्याची किल्ली तिच्याकडे असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती केर काढायची, इस्त्र्या तापायला लावायची आणि आदल्या दिवशी तयार झालेले कपडे घडी करून खाली आणायची. हातकामात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. येताना ती फ्लास्कमधून घरची कॉफी आणायची.

त्या हिवाळ्यात टांगून ठेवलेल्या कपड्यांवर असे डाग पडू लागले. रात्री कारखाना बंद करताना कपडे स्वच्छ असायचे, सकाळी बायका कामाला बसल्या की डाग दिसायचा. मधल्या वेळात आत गेलेलं माणूस एकच, जयम्मा. पहिल्या डागाला अक्कांनी तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात विचारलं. तिसऱ्यांदा जे झालं ते सगळ्यांसमोर झालं.

सरस्वतीपुरमच्या विमलम्मा म्हणून एक गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या मुलीची धारेची साडी फॉल लावायला आली होती. आमच्याकडे लग्नात पाण्याची धार सोडून मुलगी देतात, त्या वेळी ती नेसायची असते. विमलम्मा साडी न्यायला आल्या, उलगडून बघितली आणि पदराच्या खाली हातभर अंतरावर हा डाग. लग्न दोन दिवसांवर. त्या तिथंच खाली बसल्या. मग उठून विचारलं, कुणी केलं हे?

"मी काय करू वसुधा, ती बाई रडायला लागली. धारेच्या साडीला डाग म्हणजे काय, तुला ठाऊक आहे. मी जयम्माकडे बोट दाखवलं. म्हटलं, ही सकाळी कापी पिते, हिनंच सांडली असणार. उद्यापासून ही इथं दिसणार नाही." अक्कांनी ब्लाउजची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "ती म्हणाली, अक्का, मी आत कापी पीत नाही. एवढंच म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली."

जयम्मा गेल्यानंतर किल्ली अक्का स्वतःकडे ठेवत होत्या. स्वतः उघडत होत्या. आणि तरीही आज सकाळी या ब्लाउजवर डाग होता.

"कोण करतंय ते मला सांग," त्या म्हणाल्या. "आणि सुम्मने, उगाच धीर देऊ नको हं. माझ्या हातून पाप झालंय का, तेवढं खरं सांग."

मी विचारलं, "हे कपडे कुठं टांगता?"

"भिंतीकडेच्या नळीला. सगळे तिथंच."

"आणि त्या नळीच्या वर काय आहे?"

"वर काय असणार? नवं छत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गळतं म्हणतेस? अगं, दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. आणि पावसाळ्यात सुद्धा कधी गळलं नाही."

तेच मला ऐकायचं होतं. पावसाळ्यात न गळणारं आणि कोरड्या थंडीत ठिबकणारं छप्पर म्हणजे आमच्या धंद्यातला जुना ओळखीचा रोगी.

झालं होतं ते असं. पूर्वी त्या कारखान्यावर नुसता पत्रा होता. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिथून चिमण्या यायच्या आणि इस्त्रीची वाफ जायची. उन्हाळ्यात मात्र आत बसवत नसे, बायकांना चक्कर यायची. म्हणून अक्कांनी खर्च करून खाली पांढरं सपाट छत लावून घेतलं, त्यावर लोकर अंथरली, छतात गोल भोकं पाडून दिवे बसवले. धूळ नको म्हणून कंत्राटदारानं त्या फटी सिमेंटनं बुजवल्या आणि खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या काचा लावल्या. त्याच सुमाराला वाफेच्या नव्या इस्त्र्या आल्या. अक्कांनी हे सगळं बायकांना बरं वाटावं म्हणून केलं होतं, आणि उन्हाळ्यात त्यांना बरं वाटलंही.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. एका बाईचं नाव त्यात अडकलं होतं. मी अक्कांना म्हटलं, उद्या उजाडायच्या आत मी येते, आपण दोघी वर बसू.

थंडी चांगली होती. आकाश स्वच्छ, वारा नाही. अशा वेळी पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. नळीखालच्या टेबलावर मी पांढरं कापड पसरलं आणि आम्ही दोघी मशिनच्या स्टुलांवर शाली गुंडाळून बसलो. खाली रस्त्यावर फुलवाल्या बायकांची बोलणी सुरू झाली होती. अक्का तोंडातल्या तोंडात विठ्ठलाचं नाव घेत होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटायला लागलं, आपलं चुकलं की काय.

मग टप् असा आवाज झाला. अक्कांचं नामस्मरण थांबलं. कापडावर एक तपकिरी ठिपका होता आणि तो आमच्या डोळ्यांदेखत पसरत होता.

मी टेबलावर चढून वरचा दिवा भोकातून बाहेर काढला आणि हात आत घातला. लोकर ओलीचिंब होती. ती बाजूला सारून बॅटरी मारली तर पत्र्याच्या आतल्या बाजूला हजारो थेंब चमकत होते. लोखंडी पट्टीच्या कडेला ते एकत्र येत होते, लोकरीतली धूळ आणि गंज घेऊन दिव्याच्या भोकाकडे ओघळत होते. ते भोक नेमकं कपडे टांगायच्या नळीवर होतं.

"मला बघू दे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, पडाल."

"बघू दे म्हणते ना."

साठीच्या पुढची बाई माझ्या खांद्याला धरून टेबलावर चढली. त्यांनी बराच वेळ वर बघितलं. मग उतरून स्टुलावर बसल्या.

"हे रोज होतं?"

"थंडी असली आणि आकाश मोकळं असलं की होतं. ऊन चढलं की पत्रा तापतो आणि सगळं वाळून जातं. तुम्ही सगळ्या येता तेव्हा बघायला काही उरत नाही."

"हे पाणी आलं कुठून?"

मी इस्त्रीच्या टेबलांकडे हात केला. "तिथून. दिवसभराची वाफ आणि तुम्हा सगळ्यांचे श्वास. पूर्वी ती फटीतून निघून जायची. आता जायला वाट नाही, म्हणून दिव्यांच्या भोकांतून वर जाते आणि पहाटे पाणी होऊन परत येते."

अक्कांनी ते टेबलावरचं कापड ओढून घेतलं आणि त्यातच तोंड खुपसून रडल्या. आमच्या धंद्यात बिघाड सापडला की आनंद होतो, पाठीवर थाप मारावीशी वाटते. त्या दिवशी तसं काही वाटलं नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. भिजलेली लोकर काढून टाकली. नवी घालण्याआधी तिच्या खालच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला जाड प्लास्टिकचा पडदा लावला आणि त्याचे सांधे चिकटपट्टीनं बंद केले. दिव्यांची भोकं बुजवून दिवे छताच्या खाली लावले. पत्र्याखालच्या फटी पुन्हा उघडल्या, चिमण्या येऊ नयेत म्हणून त्यांना जाळी मारली. आणि सगळ्यात आधी इस्त्र्यांवर पत्र्याचं धुराडं करून पंखा बसवला, म्हणजे वाफ जन्मली की तिथूनच बाहेर. जुना कंत्राटदार येऊन बघून गेला. म्हणाला, "फट बुजवायची की उघडायची, एकदा काय ते ठरवा मॅडम." मी म्हटलं, खोलीकडची बुजवायची, पत्र्याकडची उघडी ठेवायची. त्यानं मान हलवली. पटलं नव्हतं, पण काम नीट केलं.

छप्पर दुरुस्त होत होतं तेव्हाच्या रविवारी अक्का मला घेऊन जयम्माच्या घरी गेल्या. एकट्यानं जायचा त्यांना धीर होत नव्हता. मंडी मोहल्ल्यामागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. ती आता हेब्बाळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. आम्हाला बघून ती दचकली नाही. "बन्नी, या," म्हणाली, चटई टाकली, पाणी दिलं.

अक्कांनी सगळं सांगितलं. त्यांचं कन्नड आमच्यासारखंच अस्खलित, पण त्या दिवशी त्या अडखळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जयम्मा, चूक माझी झाली. पाणी छतातून येत होतं. तू काही केलं नव्हतंस."

"मी काही केलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं, अक्का," जयम्मा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी कापी बाहेर पायरीवर बसून पिते, आत नाही. त्या दिवशी मी सांगितलं तेव्हा तुम्ही त्या बाईंच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही."

अक्कांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"परत ये कामाला," त्या म्हणाल्या.

"कामाचं नंतर. आधी एक सांगते. मला इथं घरात बसून सांगून काय उपयोग? माझं नाव जिथं घेतलंत तिथं सांगा. त्या बाईंसमोर. मी पण येईन."

मला वाटलं, अक्का कचरतील. विमलम्मांसारखं गिऱ्हाईक एकदा तुटलेलं, त्यांच्या दारात जाऊन आपलंच छप्पर सदोष होतं हे सांगणं म्हणजे धंद्याला बाधा. पण अक्का लगेच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी. वसुधा पण येईल. मला ते पाण्याचं नीट सांगता येत नाही."

मी कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांपुढे बोलले आहे. पण त्या रविवारी विमलम्मांच्या घराची पायरी चढताना काय सांगायचं ते मी पुन्हा पुन्हा घोकत होते, खरं सांगते. साहेबांना पटलं नाही तर काम जातं. इथं पटलं नाही तर जयम्मा आयुष्यभर कॉफी सांडणारीच राहणार होती.

विमलम्मांनी दार उघडलं. अक्कांना बघून कपाळावर आठ्या आल्या, जयम्माला बघून आणखी आल्या. तरी आत घेतलं. अक्का उभ्यानंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्यासमोर हिचं नाव घेतलं. ते खोटं होतं. डाग हिच्यामुळे पडला नाही, माझ्या छतामुळे पडला. तेवढं सांगायला आले."

विमलम्मा म्हणाल्या, "छत? त्या दिवसांत पाऊस कुठं होता?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोलायला सुरुवात केली. पत्रा गार पडतो, हवेत वाफ असते, वगैरे. विमलम्मांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शिकलेली बाई, पण तिला वाटत होतं की कामवालीला वाचवायला या दोघींनी कुणी इंजिनियर धरून आणली आहे. तेवढ्यात आतून इडलीचा वास आला. मी विचारलं, "अम्मा, स्वयंपाकघरात येऊ का?"

आम्ही तिघी आत गेलो, जयम्मा दारापर्यंत आली. मी गॅस बंद केला, जरा थांबले, आणि इडलीपात्राचं झाकण अलगद उचलून उलटं केलं. आतून पाण्याची धार ओघळली.

"हे पाणी झाकणात तुम्ही ओतलं होतं?"

"मी कशाला ओतू? वाफेचं आहे ते."

"झाकणाला भोक आहे?"

"नाही."

"तसंच त्यांचं छप्पर, अम्मा. वर झाकण, खाली इस्त्रीची वाफ. भोक नाही, पाऊस नाही, तरी पाणी. ते पहाटे पडायचं आणि धूळ घेऊन पडायचं, म्हणून कॉफीसारखं दिसायचं."

विमलम्मांनी झाकण माझ्या हातातून घेतलं. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे कुणी काही केलं नव्हतं?"

"कुणीच नाही."

"मग तो अपशकुन पण नव्हता?"

मला क्षणभर कळलंच नाही. त्या ओट्याला टेकल्या आणि बोलायला लागल्या. लग्नात तो डाग त्यांनी पदराच्या निऱ्यांत दडवला होता. मुलीला सांगितलं नव्हतं, यजमानांनाही नाही. मुलगी दूर दिल्लीकडे नांदायला गेली. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की या आधी देवाला हात जोडायच्या आणि मग उचलायच्या. मुलीला साधा ताप आला तरी तो डाग डोळ्यांपुढे यायचा. कुणी तरी धारेच्या साडीवर काही तरी सांडलं, आणि ते हातानं सांडलं की मनानं, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

"नुसतं पाणी होतं, अम्मा," मी म्हटलं. "छपराच्या आत पडलेलं दव."

त्यांनी डोळे पुसले. मग जयम्माकडे वळल्या. ती दाराशी उभी होती, आत पाऊल टाकलं नव्हतं.

"मी तुमच्याबद्दल वाईट बोलले," विमलम्मा तिला म्हणाल्या. त्यांनी तिला अहो-जाहो केलं, हे आम्हा तिघींच्याही लक्षात आलं. "नुसतं तिथं नाही. आमच्या नात्यातल्या चार घरी सांगितलं, त्या दुकानात कपडे देऊ नका, तिथली बाई अशी अशी आहे. मी त्यांना फोन करून सांगते."

"फोन नको," जयम्मा म्हणाली. "जाऊन सांगा."

विमलम्मांनी तिच्याकडे बघितलं. "जाऊन सांगते," म्हणाल्या. आणि चौघींची पानं घेतली. इडल्या गार झाल्या होत्या, पण सगळ्यांनी खाल्ल्या.

त्या खरंच गेल्या. आठवड्याभरात त्यांतल्या दोन घरचे कपडे अक्कांकडे आले, तेव्हा कळलं. छप्परही त्यानंतर कधी ठिबकलं नाही. पुढची थंडी आली तेव्हा मी न सांगता एका सकाळी जाऊन बघितलं, लोकर खडखडीत कोरडी होती. जयम्मा मात्र हेब्बाळच्या कारखान्यातच राहिली. तिथं ती पुढे तिच्या ओळीची मुख्य झाली. अक्कांना ते लागलं. हातकामाला तिच्यासारखं माणूस त्यांना परत मिळालं नाही, आणि तिच्याविषयी बोलताना त्या प्रत्येक वेळी आधी पाण्याचा घोट घ्यायच्या. मी त्यांना समजवायचा प्रयत्न कधी केला नाही. अडकलेली वाफ मला काढता येते, एवढंच.

मला वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की बांधायच्या आधी बोलवा, वाफ कुठून जाईल ते आधी ठरवू. पण बोलावणं येतं ते डाग पडल्यावर. तोवर कुणाचा तरी भाडेकरू घर सोडून गेलेला असतो, कुणी तरी शेजाऱ्याशी बोलणं टाकलेलं असतं. पाणी दिसतं, हवा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा दिसणाऱ्या माणसावर बोट ठेवणं सगळ्यांनाच सोपं जातं.

त्या रविवारी विमलम्मांच्या घरून आम्ही तिघी एका रिक्षात परतलो. अक्का मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला जयम्मा. अग्रहाराच्या चौकाजवळ आलो तेव्हा जयम्मा म्हणाली, "इथं थांबवा. मी उतरते."

अक्का म्हणाल्या, "अगं, तुझं घर इथून लांब आहे. दारापर्यंत सोडतो."

"नको, अक्का. चालत जाते." मग खाली उतरून, रिक्षाच्या दांड्याला धरून ती म्हणाली, "कंपनीची बस मला इथंच सोडते. पण मी या रस्त्यानं जात नव्हते. सगळे ओळखतात ना इथं. मागच्या गल्लीतून फिरून जात होते."

अक्कांनी तिचा हात धरायला आपला हात पुढं केला. तिनं तो घेतला, क्षणभर धरला आणि सोडला.

संध्याकाळ झाली होती, बाजार भरला होता. जयम्मा रस्त्याच्या मधोमध चालत गेली. फुलवालीनं तिला हाक मारली. ती थांबली, काही तरी बोलली, हातभर मोगरा घेतला आणि तिथंच उभं राहून केसात माळला. मग पुढच्या दुकानासमोर थांबली. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, जायचं का? अक्का म्हणाल्या, "थांब रे थोडं." ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.